इंग्रजीतलं क्रियाविशेषण: अर्थ येतो, जागा चुकते

'क्विकली' म्हणजे काय, 'ऑलवेज' म्हणजे काय, हे इंग्रजी शिकलेल्या मराठी माणसाला विचारलं तर तो क्षणात सांगतो. शब्दांचे अर्थ पाठ असतात. अडतं ते शब्द वाक्यात बसवताना. 'शी स्पीक्स व्हेरी वेल इंग्लिश' हे वाक्य आपल्या कानाला फारसं खटकत नाही, पण ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्याला ते लगेच टोचतं. याचं मूळ मराठीच्या ठेवणीत आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि त्याच्या आधीच्या मोकळ्या जागेत 'छान', 'नेहमी', 'हळू' असे शब्द बऱ्यापैकी मनासारखे फिरतात. 'ती इंग्रजी छान बोलते' आणि 'ती छान इंग्रजी बोलते', दोन्ही चालतात. इंग्रजीत मात्र कर्म क्रियापदाच्या पाठोपाठ येतं आणि त्या दोघांच्या मध्ये सहसा कुणाला शिरता येत नाही. म्हणून 'शी स्पीक्स इंग्लिश व्हेरी वेल'. एवढा एक फरक अंगवळणी पडला तरी बोलण्यातल्या आणि लिहिण्यातल्या कितीतरी चुका थांबतात.

शाळेत क्रियाविशेषणाची सुरुवात प्रकारांच्या यादीने होते: रीतिवाचक, स्थलवाचक, कालवाचक, परिमाणवाचक वगैरे. ती यादी चुकीची नाही, पण ती पाठ असूनही वाक्य चुकतं. म्हणून इथे क्रम बदलला आहे. आधी शब्द कुणाबद्दल बोलतो ते पाहू, मग त्याचं रूप, मग जागा. जागेवर सगळ्यात जास्त वेळ घालवू, कारण खरी मेख तिथेच आहे.

पहिली पायरी: शब्द कुणाबद्दल बोलतोय ते विचारा

'क्रियाविशेषण' या नावामुळे हा शब्द फक्त क्रियेबद्दल सांगतो अशी समजूत होते. इंग्रजीतलं ॲडव्हर्ब त्याहून पुष्कळ ठिकाणी जातं. 'शी रॅन रिअली फास्ट' या वाक्यात 'फास्ट' धावण्याबद्दल सांगतो, पण 'रिअली' धावण्याबद्दल काहीच सांगत नाही. तो 'फास्ट'बद्दल सांगतो. 'द रूम वॉज सरप्रायझिंगली कोल्ड' यात 'सरप्रायझिंगली' हा 'कोल्ड' या विशेषणाला धरून आहे. 'ऑलमोस्ट एव्हरीवन लेफ्ट' यात 'ऑलमोस्ट' सर्वनामाला चिकटलेला आहे. आणि 'फ्रँकली, द प्लॅन वोन्ट वर्क' यात 'फ्रँकली' हा कुठल्याही एका शब्दाचा नाही, तर बोलणाऱ्याची सगळ्या वाक्याकडे पाहण्याची भूमिका सांगतो.

ओळखायची रीत सोपी आहे. शब्दावर बोट ठेवा आणि कसं, कुठे, कधी, कितीदा, किती यांपैकी एक प्रश्न विचारून पाहा. उत्तर मिळालं तर ते क्रियाविशेषण. 'कोणता' किंवा 'कसला' असा प्रश्न पडला आणि उत्तर नामाबद्दल असेल तर ते विशेषण. पण इथे थांबू नका. 'हे उत्तर वाक्यातल्या नेमक्या कुठल्या शब्दाबद्दल आहे?' हा दुसरा प्रश्नही विचारा, कारण जागा त्याच्यावर ठरते.

एक जोडी अगदी जवळून पाहण्यासारखी आहे. 'ही ॲन्सर्ड द क्वेश्चन फूलिशली' म्हणजे त्याने दिलेलं उत्तर मूर्खपणाचं होतं. 'फूलिशली, ही ॲन्सर्ड द क्वेश्चन' म्हणजे उत्तर कदाचित अगदी बरोबर असेल, पण त्याने उत्तर दिलं हाच मूर्खपणा झाला. गप्प बसायला हवं होतं. शब्द तेच, एकही अक्षर बदललेलं नाही. फक्त जागा बदलली आणि एक स्वल्पविराम आला, की आरोपच बदलला.

दुसरी पायरी: 'चांगला' म्हणजे 'गुड' की 'वेल'

'ही प्लेज गुड' ही चूक आपल्याकडून का होते, हे समजलं तर ती सुटते. मराठीत 'तो चांगला खेळतो', 'ती चांगली खेळते', 'मुलं चांगली खेळतात' असं आपण म्हणतो. खेळण्याचं वर्णन करणारा शब्द मराठीत लिंग-वचनाप्रमाणे बदलतो, म्हणजे विशेषणासारखाच वागतो. त्यामुळे 'चांगला मुलगा' आणि 'चांगला खेळतो' यांतल्या दोन 'चांगला'मध्ये फरक आहे हे आपल्याला जाणवतच नाही. इंग्रजीत तिथे दोन वेगळे शब्द लागतात: 'ही इज अ गुड प्लेअर', पण 'ही प्लेज वेल'.

नियम सांगायला सरळ आहे. नामाचं वर्णन असेल तर विशेषण, क्रिया कशी झाली ते सांगायचं असेल तर क्रियाविशेषण. 'अ केअरफुल ड्रायव्हर', पण 'ड्राइव्ह केअरफुली'. गुंता होतो तो काही क्रियापदांपाशी. 'बी', 'सीम', 'बिकम' आणि 'लुक', 'फील', 'साउंड', 'स्मेल', 'टेस्ट' ही क्रियापदं बरेचदा क्रिया दाखवतच नाहीत. कर्ता कसा आहे एवढंच ती सांगतात. त्यांच्यापुढे विशेषण येतं. म्हणून 'द सूप टेस्ट्स गुड', 'युअर आयडिया साउंड्स इंटरेस्टिंग', 'शी लुक्स टायर्ड'. आपण एकदा 'गुडऐवजी वेल वापरा' हा धडा घोकला की उत्साहात 'द सूप टेस्ट्स वेल' म्हणून बसतो.

यावर एक खात्रीची चाचणी आहे. त्या क्रियापदाच्या जागी 'इज' किंवा 'वॉज' घालून पाहा. अर्थ तगला तर विशेषण वापरा. 'शी लुक्ड अँग्री'ऐवजी 'शी वॉज अँग्री' म्हणता येतं, म्हणजे विशेषण बरोबर. 'शी लुक्ड अँग्रिली ॲट मी'मध्ये 'वॉज' घातलं तर वाक्य मोडतं, कारण इथे ती खरोखर पाहते आहे, ती क्रिया आहे, आणि म्हणून क्रियाविशेषण हवं. 'वेल'चा एक अपवाद ध्यानात ठेवा: तब्येतीबद्दल बोलताना 'वेल' हे विशेषण असतं. 'आय ॲम वेल' म्हणजे माझी प्रकृती ठीक आहे.

तिसरी पायरी: रूप, आणि 'एल-वाय'वर किती भरवसा ठेवायचा

बहुतेक विशेषणांना शेवटी 'एल-वाय' लावलं की क्रियाविशेषण तयार होतं: 'क्विक'चं 'क्विकली', 'स्लो'चं 'स्लोली'. स्पेलिंगचे बदल थोडेच आहेत. 'हॅपी'मधल्या शेवटच्या 'वाय'चा 'आय' होतो. 'जेंटल'चा शेवटचा 'ई' जाऊन 'जेंटली' होतं. 'ट्रू'चाही 'ई' गळतो. 'आय-सी'ने संपणाऱ्या शब्दांना 'ए-एल-एल-वाय' लागतं, जसं 'बेसिकली'. 'पब्लिकली' मात्र या नियमात बसत नाही, त्याला सरळ 'एल-वाय'च लागतं.

पण शेवट पाहून शब्दाची जात ठरवू नका. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'लोनली', 'सिली', 'अग्ली', 'लाइव्हली', 'एल्डर्ली' ही सगळी विशेषणं आहेत. 'ही स्पोक टू मी फ्रेंडली' हे चुकीचं. तिथे वळसा घ्यावा लागतो: 'ही स्पोक टू मी इन अ फ्रेंडली वे'. 'डेली', 'वीकली' आणि 'अर्ली' दोन्ही कामं करतात.

उलट बाजूने पाहिलं तर 'फास्ट', 'हार्ड', 'लेट', 'स्ट्रेट' यांना शेपूट न लावताच ते क्रियाविशेषण म्हणून चालतात. हे अपवाद असे उपटसुंभ वाटतात, पण त्यांना इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी एक 'ई' जोडून क्रियाविशेषण बनवत. कालांतराने शब्दांच्या शेवटचा तो उच्चार झिजून गेला आणि दोन्ही रूपं एकसारखी दिसू लागली. 'फास्ट' आणि 'हार्ड' हे त्या जुन्या पद्धतीचे उरलेले शब्द. 'एल-वाय' हे शेपूट ज्या जुन्या प्रत्ययातून आलं त्याचं मूळ 'लाइक' म्हणजे 'सारखा' या शब्दाशी जोडलेलं आहे. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी शेपूट नसलेल्या रूपांना नाकं मुरडली, तरी 'गो स्लो', 'ड्राइव्ह सेफ' अशी रूपं बोलण्यात आणि पाट्यांवर टिकून राहिली. औपचारिक लिखाणात 'स्लोली', 'सेफली' लिहा, पण पाटी वाचून ती अशुद्ध ठरवायच्या फंदात पडू नका.

या गटात एक खरा सापळा आहे. शेपूट लावल्यावर काही शब्दांचा अर्थच फिरतो. 'शी वर्क्ड हार्ड' म्हणजे तिने कसून काम केलं. 'शी हार्डली वर्क्ड' म्हणजे तिने जेमतेमच काम केलं. कुणाची शिफारस करताना ही गल्लत झाली तर बिचाऱ्याचं नुकसान होईल. तसंच 'लेट' म्हणजे उशिरा, पण 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'नीअर' म्हणजे जवळ, 'नीअरली' म्हणजे जवळजवळ. 'हाय' उंचीसाठी, 'हायली' प्रमाणासाठी: 'द बर्ड फ्लू हाय', पण 'हायली स्किल्ड'. 'शॉर्टली' म्हणजे थोड्याच वेळात. आणखी एक गोष्ट: 'हार्डली' स्वतःच नकारार्थी आहे, म्हणून त्याच्याबरोबर दुसरा नकार नको. 'आय कान्ट हार्डली हिअर' नव्हे, 'आय कॅन हार्डली हिअर यू'.

चौथी पायरी: जागा

इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषणासाठी तीन जागा असतात: कर्त्याच्या आधी, म्हणजे सुरुवातीला, कर्ता आणि मुख्य क्रियापद यांच्या परिसरात, म्हणजे मध्ये, आणि कर्मानंतर, म्हणजे शेवटी. प्रत्येक शब्दाला या तिन्ही जागा मोकळ्या नसतात.

आधी तो मूळ नियम: क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये शिरू नका. 'आय लाइक व्हेरी मच धिस साँग' नव्हे, 'आय लाइक धिस साँग व्हेरी मच'. 'ही ओपन्ड स्लोली द डोअर' नव्हे, 'ही ओपन्ड द डोअर स्लोली' किंवा 'ही स्लोली ओपन्ड द डोअर'. अपवाद एवढाच की कर्म फार लांबलचक असेल, तर क्रियाविशेषण आधी येऊ शकतं, नाहीतर ते क्रियापदापासून मैलभर दूर पडतं: 'शी एक्सप्लेन्ड केअरफुली व्हॉट ईच बटन ऑन द मशीन डिड'.

मधली जागा ही नेमकी कुठे, यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. 'ऑलवेज', 'ऑफन', 'युज्वली', 'नेव्हर', 'आल्सो', 'प्रॉबेबली', 'ऑलरेडी' हे शब्द इथे राहतात. तीन वाक्यं शेजारी ठेवा:

शी ऑफन कॉल्स मी.
शी इज ऑफन लेट.
शी हॅज ऑफन हेल्प्ड मी.

पहिल्यात साधं क्रियापद आहे, शब्द त्याच्या आधी आला. दुसऱ्यात 'बी'चं रूप आहे, शब्द त्याच्या नंतर गेला. तिसऱ्यात सहायक क्रियापद आहे, शब्द सहायक आणि मुख्य यांच्या मध्ये बसला. सहायकं दोन-तीन असतील तर पहिल्याच्या नंतर: 'ही वुड नेव्हर हॅव सेड दॅट'. प्रश्नात कर्त्याच्या नंतर: 'डू यू ऑफन वॉक टू वर्क?' छोट्या उत्तरात मात्र शब्द सहायकाच्या आधी उडी मारतो, कारण तिथे सहायकावर जोर असतो: 'येस, आय ऑलवेज डू'.

नकार आला की आणखी एक बारीक वळण येतं. 'प्रॉबेबली' नकाराच्या आधी राहतो: 'ही प्रॉबेबली वोन्ट कम'. आणि 'रिअली'ची जागा बदलली की अर्थ बदलतो. 'आय रिअली डोन्ट लाइक इट' म्हणजे मला ते अजिबात आवडत नाही. 'आय डोन्ट रिअली लाइक इट' म्हणजे तितकंसं आवडत नाही. एखाद्याने मोठ्या हौसेने काही दाखवलं आणि आपल्याला ते बेताचंच वाटलं, तर दुसरं वाक्य बोलायचं. पहिलं बोललात तर तो दुखावेल. नकार ज्याच्या आधी येतो त्याला तो खाऊन टाकतो, असं समजा: दुसऱ्या वाक्यात 'रिअली'च नाकारला गेला आहे, पहिल्यात 'रिअली'ने नकारालाच बळ दिलं आहे.

'यस्टरडे', 'टुमॉरो', 'लास्ट वीक', 'एव्हरी डे' यांना मधली जागा बंद आहे. 'आय यस्टरडे मेट हर' हे 'मी काल तिला भेटलो' याचं थेट रूपांतर झालं. इंग्रजीत 'आय मेट हर यस्टरडे', किंवा काळावर भर द्यायचा असेल तर 'यस्टरडे आय मेट हर'.

शेवटच्या जागेत एकाहून जास्त तपशील आले तर सर्वसाधारण क्रम कसं, कुठे, कधी असा असतो: 'द चिल्ड्रन प्लेड क्वायटली इन द गार्डन टिल सनसेट'. 'गो', 'कम', 'रिटर्न' अशी जाण्यायेण्याची क्रियापदं असतील तर ठिकाण आधी येतं, कारण त्यांना ते सगळ्यात जवळचं: 'शी वेंट होम क्वायटली'. काळाचे तपशील लहानाकडून मोठ्याकडे जातात. मराठीत आपण 'सोमवारी सकाळी दहा वाजता' म्हणतो, मोठ्याकडून लहानाकडे. इंग्रजीत ते उलटं होतं: 'ॲट टेन ऑन मंडे मॉर्निंग'. पत्रात किंवा मेलमध्ये भेटीची वेळ कळवताना ही उलटापालट आवर्जून तपासा.

पाचवी पायरी: 'ओन्ली', 'आल्सो' आणि आपला 'च'

मराठीचा 'च' हा फार गुणी प्रत्यय आहे. ज्या शब्दावर भर हवा त्याला तो चिकटतो आणि संशयाला जागाच ठेवत नाही: 'मी तिलाच वेळ सांगितली', 'मी तिला वेळच सांगितली'. इंग्रजीत असा प्रत्यय नाही. 'ओन्ली' हा सुटा शब्द आहे आणि तो आपल्या पुढच्या गोष्टीवर प्रकाश टाकतो. 'ओन्ली आय टोल्ड हर द टाइम' म्हणजे बाकी कुणी सांगितली नाही. 'आय टोल्ड ओन्ली हर द टाइम' म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगितली नाही. 'आय टोल्ड हर ओन्ली द टाइम' म्हणजे आणखी काही सांगितलं नाही. बोलताना लोक सर्रास 'आय ओन्ली टोल्ड हर द टाइम' म्हणतात आणि आवाजाच्या जोराने अर्थ स्पष्ट करतात. ते चूक नाही. लिखाणात आवाज ऐकू येत नाही, म्हणून करार, सूचना, नियम अशा ठिकाणी 'ओन्ली' ज्याच्याबद्दल आहे त्याला लागूनच ठेवा.

'आय ॲम कमिंग टुडे ओन्ली' हे वाक्य म्हणजे 'आजच'मधला 'च' इंग्रजीत ओढून आणलेला आहे. आपल्या माणसांना ते कळतं, पण परक्याला ते 'फक्त आजच येणार, उद्यापासून नाही' असं वाटू शकतं. तिथे 'आय ॲम कमिंग टुडे' एवढंच पुरे.

'सुद्धा'साठी 'आल्सो' मध्ये येतो आणि 'टू' शेवटी. नकारार्थी वाक्यात दोघांनाही रजा देऊन 'आयदर' आणा. 'आय आल्सो डोन्ट नो' ऐवजी 'आय डोन्ट नो आयदर'.

सहावी पायरी: 'खूप'चे वेगवेगळे भाऊबंद

'खूप' एकटा मराठीत जे करतो त्याला इंग्रजीत चार-पाच शब्द लागतात. 'व्हेरी' विशेषण किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाच्या आधी येतो, क्रियापदाच्या आधी कधीच नाही. 'आय व्हेरी लाइक इट' अशक्य. 'आय लाइक इट व्हेरी मच' किंवा 'आय लाइक इट अ लॉट'. तुलना आली की 'व्हेरी' बाजूला होतो आणि 'मच' येतो: 'व्हेरी बेटर' नव्हे, 'मच बेटर'. 'मोअर बेटर' तर नाहीच, कारण 'बेटर'मध्ये 'अधिक' आधीच आहे. 'एक्सलंट', 'परफेक्ट' यांसारख्या टोकाच्या शब्दांपुढे 'व्हेरी' फिका पडतो. तिथे 'ॲब्सोल्युटली' शोभतो.

'टू'कडे विशेष लक्ष द्या. कौतुक करताना 'टू गुड' म्हणायची आपल्याला सवय आहे, पण 'टू' म्हणजे गरजेपेक्षा जास्त, म्हणून अडचणीचं. 'द बॉक्स इज व्हेरी हेवी' म्हणजे जड आहे, पण उचलू. 'द बॉक्स इज टू हेवी' म्हणजे उचलवत नाही. आणि 'इनफ' हा एकटा असा की तो विशेषणाच्या नंतर येतो: 'बिग इनफ', 'फास्ट इनफ'. नामाच्या मात्र आधी: 'इनफ टाइम'.

सातवी पायरी: एका मराठी शब्दाला अनेक इंग्रजी शब्द

'लवकर ये' याचे तीन अर्थ होतात. ठरल्या वेळेच्या आधी ये म्हणायचं असेल तर 'कम अर्ली'. थोड्याच दिवसांत ये म्हणायचं असेल तर 'कम सून'. रेंगाळू नकोस, पटकन ये म्हणायचं असेल तर 'कम क्विकली'. मराठी बोलताना संदर्भाने काम भागतं, इंग्रजीत आधी मनाशी ठरवावं लागतं. 'जोरात'चंही तसंच: गाडी जोरात असेल तर 'फास्ट', ओरडणं जोरात असेल तर 'लाउडली', ढकलणं जोरात असेल तर 'हार्ड', पाऊस जोरात असेल तर 'हेविली'. 'हळू बोल' म्हणजे आवाज कमी कर असेल तर 'सॉफ्टली' किंवा 'क्वायटली', वेग कमी कर असेल तर 'स्लोली'.

'दोन वर्षांपूर्वी'साठी 'बिफोर टू इयर्स' हा तर आपला जुनाच आजार आहे. आत्तापासून मागे मोजायचं असेल तर 'टू इयर्स अगो', आणि क्रियापद साध्या भूतकाळात. भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या क्षणापासून मागे मोजायचं असेल तर 'टू इयर्स बिफोर': 'व्हेन आय जॉइन्ड, शी हॅड लेफ्ट टू इयर्स बिफोर'. दोन्हीकडे आकडा आधी, शब्द नंतर.

आठवी पायरी: वाक्याच्या तोंडाशी येणारे शब्द

'फॉर्च्युनेटली', 'ऑनेस्टली', 'हाउएव्हर', 'देअरफोर' हे शब्द वाक्याच्या सुरुवातीला आले की त्यांच्यामागे स्वल्पविराम द्या. 'हाउएव्हर' हा 'बट'सारखा दोन वाक्यं जोडत नाही, हे विसरू नका. 'इट रेन्ड, हाउएव्हर वी वेंट' असं लिहिलं की दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामावर लोंबकळतात. आधीच्या वाक्याला पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या आणि मग 'हाउएव्हर, वी वेंट' लिहा. 'आशा आहे की' या अर्थाने 'होपफुली' वापरण्यावर इंग्रजीत अनेक वर्षं वाद झाला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१२ मध्ये तो वापर मान्य केला. तेव्हा बिनधास्त वापरा.

'नेव्हर', 'सेल्डम', 'हार्डली' यांसारखे नकारार्थी शब्द सुरुवातीला आणले तर कर्ता आणि सहायक यांची अदलाबदल होते: 'नेव्हर हॅव आय सीन सच रेन'. 'हार्डली हॅड वी सॅट डाउन व्हेन द लाइट्स वेंट आउट'. 'नो सूनर'बरोबर 'व्हेन' नाही, 'दॅन' येतो. ही रचना भारदस्त आहे. रोजच्या बोलण्यात तिची गरज पडत नाही, पण वाचताना ओळखता यायला हवी.

आता एक उतारा दुरुस्त करू

हा मुद्दाम चुका भरून लिहिलेला उतारा आहे. पुढचं वाचण्याआधी स्वतः वहीत दुरुस्त करून पाहा.

'आय मेट बिफोर टू इयर्स अ हेल्पफुल टीचर. शी एक्सप्लेन्ड क्लिअरली द रूल्स अँड स्पोक टू मी फ्रेंडली. आय वर्क्ड हार्डली. नाउ माय रायटिंग लुक्स नाइसली अँड आय राइट व्हेरी बेटर. आय मेक ऑलवेज स्मॉल मिस्टेक्स. आय डिडन्ट थँक हर स्टिल.'

आता एकेक पाहू. पहिल्यात दोन चुका: 'टू इयर्स अगो' हवं आणि ते शेवटी किंवा सुरुवातीला हवं, क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये नको. म्हणून 'टू इयर्स अगो आय मेट अ हेल्पफुल टीचर'. दुसऱ्यात 'क्लिअरली' कर्माच्या मागे जाईल आणि 'फ्रेंडली'ला वळसा लागेल: 'शी एक्सप्लेन्ड द रूल्स क्लिअरली अँड स्पोक टू मी इन अ फ्रेंडली वे'. तिसऱ्यात शेपूट काढा, नाहीतर कष्टांवरच पाणी पडतं: 'आय वर्क्ड हार्ड'. चौथ्यात 'लुक्स'च्या जागी 'इज' घालून पाहिलं की 'नाइस' हवं हे कळतं, आणि तुलनेपुढे 'मच': 'नाउ माय रायटिंग लुक्स नाइस अँड आय राइट मच बेटर'. पाचव्यात 'ऑलवेज' क्रियापदाच्या आधी: 'आय ऑलवेज मेक स्मॉल मिस्टेक्स'.

शेवटच्या वाक्याला दोन बरोबर उत्तरं आहेत आणि ती सारखी नाहीत. 'आय हॅवन्ट थँक्ड हर येट' म्हणजे अजून आभार मानलेले नाहीत, मानायचे आहेत, साधी माहिती. 'आय स्टिल हॅवन्ट थँक्ड हर' म्हणजे एव्हाना मानायला हवे होते, तरी राहिलेच. यात चुटपुट आहे. 'येट' शेवटी बसतो, 'स्टिल' नकाराच्या आधी. दोन्हींसाठी आपल्याकडे 'अजून' हा एकच शब्द असल्यामुळे, यांतलं कोणतं लिहायचं हे नियम ठरवत नाही, ती चुटपुट सांगायची आहे की नाही यावर ते ठरतं.